एका संवादावरून युद्धपट कसा ओळखायचा

"तो मेलाय. मी अधू झालोय. तू वाट चुकलायस. नेहमी असंच असतं का रे? युद्ध, म्हणजे."

संवाद ऐकवून युद्धपट ओळखायला लावण्याच्या खेळात असा प्रश्न येतो. चित्रपटाचं नाव आठवायच्या आधी या वाक्यांत काय काय आहे ते मोजा. माणसं तीन आहेत: एक प्रेत, एक जखमी आणि एक भरकटलेला. तिघं एकाच जागी आहेत, म्हणजे आघाडीची सरळ रेषा उरलेली नाही, सैन्यं एकमेकांत मिसळली आहेत. बोलणारा थकलेला आहे, पण घाबरलेला नाही. वाट चुकलेला सैनिक पायदळातला असू शकतो, पण हवाई छत्रीने उतरलेला असण्याची शक्यता जास्त. अंधारात उतरलेले छत्रीसैनिक गावोगाव विखुरले गेले, अशी सर्वांना ठाऊक असलेली घटना म्हणजे जून 1944 मधली फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरची दोस्तराष्ट्रांची चढाई. नॉर्मंडीवरच्या चित्रपटांत वेगवेगळ्या देशांची माणसं अशी समोरासमोर बसवणारा मोठा चित्रपट म्हणजे 'द लाँगेस्ट डे' (1962). बोलणारा रिचर्ड बर्टनने साकारलेला जखमी ब्रिटिश वैमानिक, ऐकणारा अमेरिकन छत्रीसैनिक आणि मेलेला जर्मन.

हा प्रसंग पाहिल्याचं आठवत नसलं तरी इथवर पोचता येतं. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी युद्ध, मग बोलणाऱ्याची बाजू आणि हुद्दा, मग चित्रपट कोणत्या काळात बनला, मग तो प्रसंग कथेत कुठे येतो, आणि चित्रपटाचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पहिलं सुचलेलं नाव धरतात आणि संवाद त्यात कोंबतात. नाव एकदा मनात बसलं की विरोधात जाणारे शब्द कानावर पडूनही ऐकू येत नाहीत.

पहिली पायरी: युद्ध कोणतं?

जागेचं नाव असेल तर काम सोपं. "सायगाव... अजूनही मी सायगावातच" या ओळीत शहर आलं की व्हिएतनाम ठरलं, आणि चित्रपट 'अपोकॅलिप्स नाऊ' (1979). अकाबा आलं की पहिल्या महायुद्धातला अरबी उठाव आणि 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (1962). पण चांगला प्रश्न काढणारा जागेचं नाव ठेवतच नाही. तेव्हा बोलीतल्या शब्दांकडे वळायचं.

शत्रूला काय म्हटलं आहे ते पाहा. 'जेरी' आणि 'क्राउट' हे इंग्रजी बोलणाऱ्या सैनिकांचे जर्मनांसाठीचे शब्द. 'बॉश' आला की बोलणारा बहुधा फ्रेंच आणि युद्ध बहुधा पहिलं. 'चार्ली' म्हणजे व्हिएतकाँग, व्हिएतनाममध्ये अमेरिकेविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट गनिम: व्ही आणि सी या अक्षरांसाठी बिनतारी संदेशात 'व्हिक्टर चार्ली' म्हणत, त्यातलं मागचं नाव उरलं. "चार्ली सर्फिंग करत नाही!" हे 'अपोकॅलिप्स नाऊ'मधलं वाक्य त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातलं असूच शकत नाही. हेलिकॉप्टरचा उल्लेखही असाच उपयोगी. जवानांना लढाईत उतरवणारी हेलिकॉप्टरं आली की दुसरं महायुद्ध यादीतून काढून टाका. 'खंदकातून वर' चढायचा हुकूम असेल तर पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करा.

सगळ्यात भरवशाची खूण अक्षरांच्या संकेतनावांत सापडते आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. अमेरिकन सैन्यात 1941 पासून ए, बी, सी, डी, ई यांसाठी 'एबल, बेकर, चार्ली, डॉग, ईझी' अशी नावं होती. आज प्रचलित असलेली 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको' ही मालिका 1956 मध्ये लागू झाली. म्हणजे 'बेकर कंपनी' किंवा 'ईझी कंपनी' ऐकली की दुसरं महायुद्ध किंवा कोरिया. 'ब्राव्हो' किंवा 'एको' ऐकली की व्हिएतनाम आणि त्यानंतरचं. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये (1998) किनाऱ्याच्या पट्ट्याला 'डॉग ग्रीन' म्हणतात ते याच जुन्या मालिकेतून. यात दोन खड्डे आहेत. 'चार्ली' दोन्ही मालिकांत आहे, त्यामुळे 'चार्ली कंपनी'वरून काळ ठरत नाही. आणि 'रॉजर' हे जुन्या मालिकेतलं आर अक्षराचं नाव असलं तरी 'संदेश मिळाला' या अर्थाने तो शब्द आजतागायत टिकला आहे, म्हणून त्यावरही विसंबू नका.

दुसरी पायरी: कोण कोणाशी बोलतोय?

संबोधन हा संवादातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त बोलणारा शब्द. "सर, येस, सर!" असं वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' असेल तर बोलणारा अमेरिकन मरीन्सचा, म्हणजे समुद्रमार्गे चढाई करणाऱ्या स्वतंत्र दलाचा, रंगरूट. 'गनी' म्हणजे त्याच दलातला गनरी सार्जंट. 'हेर कालॉइन' हे जर्मन पाणबुडीच्या कप्तानाला खलाशी वापरत ते लघुरूप. ते ऐकलं की 'दास बोट' (1981) पहिल्यांदा तपासा. 'नंबर वन' म्हणून सहकाऱ्याला हाक मारणारा बहुधा ब्रिटिश जहाजाचा कप्तान. 'सैनिक' आणि 'मरीन' हे शब्दही सारखे धरू नका. मरीन स्वतःला कधी सैनिक म्हणवून घेत नाही, आणि जाणकार पटकथाकार ही चूक करत नाही.

आता हे वाक्य घ्या. कोणीतरी विचारतो, "आपणच का?" उत्तर येतं, "कारण इथे आपण आहोत, पोरा. दुसरं कोणी नाही. आपणच." मूळ इंग्रजीत 'पोरा'च्या जागी 'लॅड' आहे, म्हणजे बोलणारा ब्रिटिश. तो वयाने आणि अनुभवाने मोठा आहे, पण अधिकारी नाही: अधिकारी असा आधार सहसा भाषणाच्या सुरात देतो, हा शेजारी उभं राहून देतोय. 'दुसरं कोणी नाही' यावरून कुमक येणार नाही हे कळतं. मूठभर ब्रिटिश तुकडी, प्रचंड वेढा, अनुभवी सार्जंट. 1879 मधल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवरचा 'झुलू' (1964), आणि बोलणारा कलर सार्जंट बोर्न.

निवेदनातली ओळ असेल तर पद्धत बदलते, कारण समोर ऐकणारा कोणी नसतो. "आम्ही शत्रूशी लढलोच नाही, आम्ही स्वतःशी लढलो, आणि शत्रू आमच्यातच होता." इथे क्रियापद भूतकाळात आहे, मागे वळून पाहणं आहे, म्हणजे बोलणारा जगलाय आणि ओळ शेवटाजवळची आहे. हा 'प्लॅटून' (1986). "हे एवढं मोठं पाप येतं कुठून? जगात शिरलं कसं?" असा प्रश्न निसर्गाला किंवा देवाला विचारल्यासारखा असेल तर 'द थिन रेड लाइन' (1998). 'अपोकॅलिप्स नाऊ'मधलं निवेदन या दोन्हींपेक्षा कोरडं, गुप्त अहवालासारखं आहे. तिन्ही चित्रपटांतली पाच-पाच मिनिटं लागोपाठ ऐकली की हा फरक कानात बसतो, वर्णन वाचून बसत नाही.

तिसरी पायरी: चित्रपट केव्हा बनला?

युद्धाचं वर्ष आणि चित्रपटाचं वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. हॉलिवूडमध्ये 1934 पासून 1968 पर्यंत निर्मितीसंहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं-बोलायचं याच्या नियमांचा, अंमल होता. नोव्हेंबर 1968 मध्ये तिच्या जागी प्रमाणपत्रांची पद्धत आली. संवादात सैनिकी शिव्या मोकळेपणी असतील तर अमेरिकन चित्रपट 1968 नंतरचा समजा. 'पॅटन'च्या (1970) सुरुवातीचं भाषण याचं उत्तम उदाहरण: देशासाठी मरून कोणी युद्ध जिंकलेलं नाही, समोरच्याला त्याच्या देशासाठी मरायला लावून जिंकलंय, असं सांगताना जनरल स्वतःच्या आणि शत्रूच्या सैनिकाला एकच शिवी देतो. दहा वर्षं आधी ही ओळ पडद्यावर अशीच्या अशी येणं अवघड होतं.

सुरावरून काळ ठरवताना मात्र जपून. युद्ध चालू असताना बनलेल्या चित्रपटांत निर्धार जास्त असतो, कारण निकाल कोणालाच माहीत नसतो. 'कॅसाब्लांका' 1942 चा आहे हे लक्षात ठेवून त्याचा शेवट ऐका. म्हणून युद्धविरोधी सूर म्हणजे व्हिएतनामनंतरचा चित्रपट, असं गणित अनेक जण मांडतात. ते चुकतं. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' 1930 चा आणि 'पाथ्स ऑफ ग्लोरी' 1957 चा, आणि दोन्ही नंतरच्या अनेक चित्रपटांपेक्षा कठोर आहेत.

चौथी पायरी: प्रसंग

"मी हे काय करून बसलो?" या ओळीत युद्ध नाही, हुद्दा नाही, काळ नाही. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य कोणाच्या तोंडी सगळ्यात जास्त दुखेल? ज्याने आपलं काम अभिमानाने, मन लावून केलं आणि ते शत्रूच्या उपयोगाचं होतं हे ज्याला उशिरा कळलं, त्याच्या. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला (1957) कर्नल निकोल्सन. याच चित्रपटातलं "वेडेपणा! वेडेपणा!" हे अगदी शेवटचं बोलणं त्याचं नाही, ते लांबून सगळं पाहणाऱ्या लष्करी डॉक्टरचं आहे. दोन्ही ओळी काही क्षणांच्या अंतराने येतात, त्यामुळे बोलणारा विचारला की इथे गुण जातात.

वाक्याची घडण पाहायचीही सवय लावा. युद्धपटांतल्या गाजलेल्या ओळींत उत्तरार्ध पूर्वार्धाला छेद देतो असं वारंवार दिसतं. "सभ्य गृहस्थहो, इथे मारामारी करू नका! ही वॉर रूम आहे!" इथे छेद इतका उघड आहे की हा उपहासपट आहे हे लगेच कळतं: 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' (1964). बोलणारा राष्ट्राध्यक्ष पीटर सेलर्सने केला आहे, आणि त्याच चित्रपटात त्याच्या आणखी दोन भूमिका आहेत. म्हणून 'सेलर्स' एवढंच उत्तर अर्धवट ठरतं.

काही ओळी एकाच चित्रपटात दोनदा येतात. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये लॉरेन्स वाळवंटातून गासिमला वाचवून आणतो, तेव्हा "काहीही आधी लिहिलेलं नसतं" हा विचार विजयाचा असतो. पुढे त्याच गासिमला त्याला स्वतःच्या हाताने मारावं लागतं आणि औदा हा अरब टोळीप्रमुख म्हणतो, म्हणजे लिहिलेलंच होतं. प्रश्नात यातली कोणती ओळ दिली आहे ते नीट वाचा.

'द ग्रेट एस्केप'मधला (1963) "गुड लक" हा याहून अवघड प्रकार. शब्द दोनच, रोजच्या वापरातले. जर्मन अधिकारी ते इंग्रजीत म्हणतो, पळालेला कैदी सवयीने इंग्रजीतच आभार मानतो आणि पकडला जातो. अशी ओळ नुसती विचारणं अन्यायाचं आहे. तिच्याबरोबर प्रत्युत्तर आणि 'उत्तर देणाऱ्याने कोणत्या भाषेत बोलणं अपेक्षित नव्हतं' एवढी सूचना तरी हवी.

कुठे फसायला होतं

सगळ्यात मोठा घोळ उसन्या ओळींचा. संवाद चित्रपटात आहे, पण चित्रपटाचा नाही, त्यामुळे तो दुसरीकडेही सापडतो.

"ही माझी रायफल आहे. अशा पुष्कळ आहेत, पण ही माझी आहे." जवळजवळ प्रत्येक जण 'फुल मेटल जॅकेट' (1987) म्हणतो. ओळ मात्र मरीन्सच्या खऱ्या रायफल-प्रतिज्ञेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे आणि 'जारहेड'मध्येही (2005) येते. पहिला चित्रपट व्हिएतनामचा, दुसरा 1990-91 च्या आखाती युद्धाचा. आजूबाजूला वाळवंटाचा किंवा इराकचा उल्लेख नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर मानावी लागतात.

झोपलेल्या राक्षसाला आपण जागं केलं, ही जपानी नौदलप्रमुख यामामोतोच्या तोंडची ओळ 'टोरा! टोरा! टोरा!'मध्ये (1970) आहे आणि 'पर्ल हार्बर'मध्येही (2001). यामामोतोने ती खरोखर म्हटल्याचा कागदोपत्री पुरावा नाही. ओळखताना शेपटी ऐका: राक्षसात भयंकर निर्धार भरला, हा भाग 1970 च्या चित्रपटातला.

चर्चिलचं 4 जून 1940 चं भाषण 2017 या एकाच वर्षाच्या दोन चित्रपटांत आहे. 'डार्केस्ट अवर'मध्ये ते गॅरी ओल्डमन संसदेत गर्जून म्हणतो. 'डंकर्क'मध्ये परतलेला तरुण सैनिक रेल्वेत बसून वर्तमानपत्रातून वाचतो. शब्द तेच असल्यामुळे लेखी प्रश्नात फरक करताच येत नाही. ते द्यायचं तर 'वाचून दाखवलेलं' की 'भाषण' हे सांगायलाच हवं.

आणखी काही मुळं पटकन: 'अपोकॅलिप्स नाऊ'मधलं "भयाण... भयाण" हे जोसेफ कॉनरॅडच्या 1899 च्या कथेतून आलं. देशभक्ती हा बदमाशाचा शेवटचा आसरा, हे 'पाथ्स ऑफ ग्लोरी'मधलं वाक्य सॅम्युएल जॉन्सनचं, आणि कर्नल डॅक्स ते त्याचं नाव घेऊनच म्हणतो. एक जीव वाचवणारा सारं जग वाचवतो, ही 'शिंडलर्स लिस्ट'मधली (1993) ओळ ताल्मुदची. "ये दिल मांगे मोर" ही शीतपेयाच्या जाहिरातीतली ओळ. कारगिलमध्ये कॅप्टन विक्रम बत्रा यांनी ती विजयाचा संदेश म्हणून वापरली आणि 'शेरशाह'मध्ये (2021) ती पडद्यावर आली. 'ब्लॅक हॉक डाउन'च्या (2001) सुरुवातीला प्लेटोच्या नावावर दिलेलं वाक्य संवाद नाहीच, ती पडद्यावरची अक्षरं आहेत, आणि लेखक जॉर्ज सांतायाना आहे (1922).

दुसरा घोळ चुकीच्या आठवणीचा. "पुन्हा वाजव, सॅम" हे 'कॅसाब्लांका'त कोणीही म्हणत नाही, नायिका इल्सा म्हणते, "वाजव ना, सॅम." 'अपोकॅलिप्स नाऊ'मधली नापामच्या, म्हणजे आगलाव्या बाँबमधल्या इंधनाच्या, वासाची ओळही लोक आखडून सांगतात. कर्नल किलगोर आधी म्हणतो की सकाळी नापामचा वास त्याला आवडतो, मग बारा तास बाँब टाकलेल्या एका टेकडीची हकीकत सांगतो, आणि त्यानंतर त्या वासाला 'विजयासारखा' म्हणतो. दोन्ही टोकं चिकटवून सांगितलेली ओळ आली की समजायचं, प्रश्न काढणाऱ्याने प्रसंग पाहिलेला नाही.

तिसरा, एका कथेचे अनेक चित्रपट. 'ऑल क्वाएट...' 1930, 1979 आणि 2022 असा तीनदा बनला. देशासाठी मरायची वेळ आली तर न मरणंच बरं, असं रजेवर आलेला नायक पॉल आपल्या जुन्या शाळेच्या वर्गात सांगतो. 2022 च्या जर्मन चित्रपटात तो रजेवर घरी येतच नाही, त्यामुळे हा चित्रपट लगेच बाद होतो.

चौथा, गणवेश दिसला की युद्धपट. "सत्य तुला झेपणार नाही!" हे 'अ फ्यू गुड मेन'मधलं (1992) वाक्य मरीन अधिकाऱ्याचं आहे, पण चित्रपट कोर्टरूमचा. अशा सीमेवरच्या चित्रपटांना खेळात जागा आहे की नाही हे सुरुवातीलाच ठरवा.

सराव कसा करायचा

चाळीस कार्डं पुरतात. पुढच्या बाजूला फक्त ओळ. मागे सहा गोष्टी: चित्रपट, वर्ष, युद्ध, बोलणारा, ऐकणारा, प्रसंग. 'ऐकणारा' हा रकाना बहुतेक जण गाळतात, पण ओळ डोक्यात टिकते ती त्याच्यामुळे, कारण मग ती एकटी राहत नाही. रोज दहा कार्डं घ्या. आलेलं कार्ड तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. चुकलेलं दुसऱ्या दिवशी. चुकल्यावर बरोबर उत्तर वाचून पुढे जाऊ नका. कोणती खूण सुटली ते कार्डावर पेन्सिलीने लिहा: हुद्दा, संकेतनाव, काळ की घडण. पंधरा-वीस चुकांनंतर स्वतःची कच्ची बाजू दिसू लागते.

ओळ कार्डावर चढवण्यापूर्वी मूळ प्रसंग मूळ भाषेच्या सबटायटल्ससह पाहा आणि तास-मिनिट लिहून ठेवा. अवतरणांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. छापील पटकथेवरही विसंबू नका, ती बऱ्याचदा चित्रीकरणापूर्वीची असते. 'फुल मेटल जॅकेट'मधला नट ली अर्मी स्वतः मरीन्सचा माजी कवायत-शिक्षक होता आणि त्याच्या तोंडचं पुष्कळसं त्याने स्वतःच आणलेलं आहे. ते मूळ मसुद्यात कसं सापडेल? जर्मन, फ्रेंच, जपानी चित्रपटांच्या बाबतीत एकाच ओळीची दोन-तीन भाषांतरं फिरत असतात, म्हणून मूळ शब्दही उच्चारासकट टिपा.

खेळ मांडताना

वीस प्रश्नांची फेरी चांगली चालते: पाच सोपे, नऊ मध्यम, चार अवघड, दोन फसवे. याहून जास्त फसवे घातले की लोक प्रत्येक सरळ ओळीकडेही संशयाने पाहू लागतात आणि मजा जाते. ओळ सहा ते वीस शब्दांची घ्या. त्याहून लहान ओळीला संदर्भ जोडा. ओळीत चित्रपटाचं नावच येत नाही ना, ते तपासा. 'अ ब्रिज टू फार' (1977) इथे हमखास नापास होतो. व्हिएतनामवरच्या चित्रपटांत वंशद्वेषी शब्द ठासून भरलेले आहेत. ते गाळायचे तर गाळल्याची खूण ठेवा, किंवा सरळ दुसरी ओळ निवडा. शब्द गुपचूप बदलू नका.

मराठी भाषांतर वाचणार असाल तर सगळी फेरी भाषांतरातच ठेवा आणि संबोधनं जपा. 'लॅड'चं 'मित्रा' केलंत तर ब्रिटिशपणाबरोबर वयातलं अंतरही जातं. वाचताना सपाट आवाजात, एकदाच, आणि तीस सेकंदांनी दुसऱ्यांदा. नटाची नक्कल केली की उत्तर आवाजातून फुटतं.

सूचना याच क्रमाने द्या: युद्ध, बोलणाऱ्याचा हुद्दा, चित्रपटाचं दशक, नट. सूचनेशिवाय ओळखलं तर पाच गुण, प्रत्येक सूचनेमागे एक वजा. नाव येत नसेल पण युद्ध आणि बोलणारा दोन्ही बरोबर सांगितले, तर दोन गुण द्यायला हरकत नाही. त्याने ओळ नीट ऐकली आहे. बरोबरी झाली तर शेवटी "अर्न धिस" एवढेच दोन शब्द द्या, आणि 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हे नाव विचारू नका. ते कोण म्हणतं, कोणाला, आणि कुठे बसून, हे विचारा: मरणासन्न कॅप्टन मिलर, रायनला, पुलावर.